धुराड्याबाहेरचं प्रदूषण

माहुलच्या लोकांनी तक्रार केली ती वासाची. चेंबूरच्या पलीकडे, खाडीच्या कडेला वसलेलं हे मुंबईतलं जुनं कोळी वस्तीचं गाव. १९५४ साली त्याच्या शेजारी एक तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला, १९५५ साली दुसरा. हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या नावांनी आज ते ओळखले जातात. पुढे खत कारखाना आला, वीजकेंद्र आलं, जेट्टीवर उतरणारी रसायनं साठवायला टाक्यांच्या रांगा आल्या. वस्तीही वाढत गेली. केईएम रुग्णालयाने २०१३ मध्ये या भागात केलेल्या पाहणीत सुमारे ६७ टक्के लोकांनी सांगितलं, की महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते. २०१४ मध्ये आंबापाडा आणि माहुलचे रहिवासी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये मान्य केलं.

या प्रकरणात बोट दाखवायला एक धुराडं नव्हतं. वास येत होता तो टाक्यांच्या झाकणांतून, टँकर भरताना, पाइपांच्या जोडांतून. दिसत काहीच नव्हतं. असल्या प्रदूषणाचा छडा लावणं अवघड आणि ते नाकारणं सोपं असतं.

या वायूंना बाष्पनशील सेंद्रिय संयुगं म्हणतात. कारखान्यात आणि कायद्याच्या भाषेत सगळे ‘व्हीओसी’च म्हणतात. कार्बनची ही संयुगं साध्या तापमानालाही भराभर उडून जातात. पेट्रोल भरताना नाकात शिरणारा वास, नव्या रंगाचा वास, थिनर, नेलपॉलिश, ड्रायक्लीनिंगहून आलेल्या कोटाचा वास, हे सगळे व्हीओसी. कारखान्यांत त्यांची नावं बेंझीन, टोल्युइन, झायलिन, अ‍ॅसिटोन, मिथेनॉल, स्टायरिन अशी असतात. औषधं, रंग, कीटकनाशकं, शाई, प्लास्टिक, चिकटद्रव्यं यांपैकी फारच थोड्या गोष्टी सॉल्व्हंटशिवाय बनतात. बऱ्याचदा सॉल्व्हंटचं काम एवढंच असतं, की दुसरा पदार्थ विरघळवायचा आणि मग निघून जायचं. ते कुठे जातं, हाच प्रश्न आहे.

त्यांचा त्रास दोन प्रकारचा. पहिला थेट. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे निर्विवाद सिद्ध झालेलं आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरते. दुसरा त्रास आडवाटेने येतो. तो शोधून काढण्याची गोष्ट लॉस एंजेलिसची आहे.

जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं. एके दिवशी लॉस एंजेलिसवर तपकिरी धुरकं असं उतरलं, की लोकांचे डोळे चुरचुरले, घसे धरले आणि शत्रूने विषारी वायू सोडला की काय अशी शंका काहींना आली. संशय शहरातल्या एका कारखान्यावर गेला. युद्धासाठी कृत्रिम रबर लागत होतं आणि त्याला लागणारं ब्युटाडाइन तिथे बनत होतं. कारखान्याला आवर घातला गेला. धुरकं मात्र येतच राहिलं.

उत्तर सापडलं ते एका वेगळ्याच विषयातल्या माणसाला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. फळाचा सुगंध म्हणजेही व्हीओसी. तो थंड सापळ्यात पकडायचा, द्रवरूप करायचा आणि त्यात काय काय आहे ते तपासायचं, हे त्यांचं रोजचं काम. तीच रीत त्यांनी शहराच्या हवेला लावली. त्यांनी दाखवून दिलं, की मोटारी, रिफायनऱ्या आणि पेट्रोलच्या टाक्यांतून निसटलेली हायड्रोकार्बन संयुगं आणि ज्वलनातून निघालेले नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले, की ओझोन तयार होतो. आकाशात उंचावर अतिनील किरणं अडवणारा ओझोन जमिनीलगत फुप्फुसांना जाळतो, पिकांची पानं करपवतो आणि रबराला भेगा पाडतो. लॉस एंजेलिसमधले टायर लवकर तडकत होते ते याचमुळे. ओझोन मोजायला तेव्हा वाकवलेल्या रबराच्या पट्ट्याच वापरत. किती वेळात भेग पडते, त्यावरून हवेची अवस्था कळे.

तेल उद्योगाने हा सिद्धान्त सहजी मानला नाही. उद्योगाच्या पैशावर चाललेल्या संशोधनातून त्याला आव्हानं दिली गेली. पण प्रयोग पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. १९६६ मध्ये लॉस एंजेलिस परगण्याने ‘नियम ६६’ आणला आणि उन्हात ओझोन घडवणाऱ्या सॉल्व्हंटच्या वापरावर बंधनं घातली. हागेन-स्मिट पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. ऊन भरपूर, वाहनं भरपूर आणि रसायन कारखानेही भरपूर असलेल्या महाराष्ट्राला हे गणित जसंच्या तसं लागू पडतं.

आता कारखान्यात शिरून पाहू. व्हीओसी निसटतात कुठून?

सगळ्यात आधी टाक्या. दिवसा ऊन लागलं की टाकीतल्या द्रवावरची वाफ फुगते आणि वरच्या व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. रात्री गारवा आला की टाकी बाहेरची हवा आत ओढते. या लाइनीतले लोक याला टाकीचा श्वासच म्हणतात. हा श्वास रोज चालू असतो. शिवाय टाकी भरताना जेवढा द्रव आत जातो, जवळजवळ तेवढ्याच आकारमानाची वाफ बाहेर ढकलली जाते. पेट्रोलियमच्या टाक्या पांढऱ्या रंगवलेल्या असतात त्याचं एक कारण हेच. पांढरा रंग कमी तापतो, म्हणून वाफही कमी होते. त्याहून मोठा उपाय म्हणजे तरंगतं छप्पर. द्रवाच्या पृष्ठभागावरच टेकलेलं हे छप्पर पातळीबरोबर वर-खाली होतं, त्यामुळे वाफेला साठायला जागाच उरत नाही. शंभर वर्षांपासून ही युक्ती वापरात आहे. तिचं यश मात्र छपराच्या कडेला असलेल्या सीलवर अवलंबून असतं. सील झिजलं, फाटलं, की गोल कडेने चहूबाजूंनी गळती सुरू. म्हणून चांगल्या टाकीला एकावर एक अशी दोन सीलं असतात आणि ती वेळोवेळी तपासावी लागतात.

दुसरी जागा टँकर भरण्याची. वरून पाइप सोडून धो धो द्रव ओतला, की तो उसळतो, फेसाळतो आणि वाफ दुप्पट जोमाने बाहेर येते. तोच द्रव टँकरच्या तळाच्या जोडातून भरला तर वाफ बरीच कमी निघते. जी निघते ती वेगळ्या नळीने परत घेता येते. शहरातल्या काही पेट्रोल पंपांवर ही सोय आता बसवलेली दिसते. टँकर रिकामा होताना जमिनीखालच्या टाकीतली वाफ टँकरमध्ये परत जाते आणि गाडीत पेट्रोल भरताना नोझल वाफही ओढून घेतं.

तिसरी जागा सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे सांडपाणी. प्रक्रियेतून आलेल्या पाण्यात सॉल्व्हंट विरघळलेलं असतं. ते पाणी ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या, उघड्या टाकीत येतं, तिथे त्यात हवेचे बुडबुडे सोडतात आणि सॉल्व्हंट बुडबुड्यांबरोबर उडून जातं. पाण्याचा अहवाल स्वच्छ येतो, कारण प्रदूषण हवेत गेलेलं असतं. सामायिक सांडपाणी केंद्र असलेल्या औद्योगिक वसाहतींत ही गोष्ट विशेष महत्त्वाची. तिथे अनेक कारखान्यांचं पाणी गटारांतून, चेंबरांतून, टँकरांतून प्रवास करत येतं आणि वाटेत प्रत्येक उघड्या जागी थोडं थोडं हलकं होत जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या औद्योगिक प्रदूषणाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशात सर्वांत वरचा, म्हणजे सर्वांत वाईट क्रमांक महाराष्ट्रातल्याच तारापूर औद्योगिक वसाहतीचा होता. तिथलं पाणी आणि तिथली हवा यांचा विचार वेगवेगळा करून चालणार नाही.

चौथी जागा म्हणजे जोड आणि व्हॉल्व्ह. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शिकेत एका सर्वसाधारण रिफायनरीत किंवा रसायन कारखान्यात सरासरी ७,४०० व्हॉल्व्ह आणि १२,००० जोड असतात असं म्हटलं आहे. यातला कुठला गळतोय हे कसं कळणार? त्यासाठी माणूस फिरतो. प्रत्येक व्हॉल्व्हला पत्र्याचा क्रमांक अडकवलेला. तपासनीसाच्या खांद्यावर यंत्र, हातात पेन्सिलीएवढी नळी. जिथे दांडा व्हॉल्व्हच्या अंगात शिरतो, त्या ग्लँडभोवती तो नळीचं टोक सावकाश फिरवतो. फार भरभर फिरवलं तर गळती हुकते. यंत्रावर पीपीएमचा आकडा चढतो. मर्यादेच्या वर गेला की टॅग लागतो, फिटर येतो आणि ग्लँडचे नट सारख्या ताणाने आवळतो. पुन्हा मोजणी. आकडा खाली आला तर टॅग निघतो, नाही आला तर आतलं पॅकिंग बदलायचं. लाइन बंद केल्याशिवाय ते बदलता येत नसेल, तर पुढच्या शटडाउनच्या यादीत नाव जातं. गळती शोधून दुरुस्त करण्याच्या या पद्धतीला जगभर ‘एलडीएआर’ म्हणतात.

हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात चालढकल सोपी आहे. फळ मात्र भरपूर आहे. लॉस एंजेलिस परिसरातल्या सात रिफायनऱ्यांच्या नोंदींचं १९९७ मध्ये विश्लेषण झालं, तेव्हा आढळलं, की आटोक्यात आणता येण्याजोग्या गळतीचा ९० टक्क्यांहून अधिक भाग केवळ ०.१३ टक्के सुट्या भागांतून येत होता. म्हणजे हजारात एखाद-दुसरा बेइमान व्हॉल्व्ह सापडला, की बहुतेक काम झालं. अलीकडे इन्फ्रारेड कॅमेरे आले आहेत. साध्या डोळ्यांना काही न दिसणाऱ्या जोडातून त्यांच्या पडद्यावर काळा धूर उसळताना दिसतो. हात न पोचणाऱ्या उंच जागाही त्यामुळे तपासता येतात. बारीक गळती मात्र अजूनही नळीनेच पकडावी लागते.

इतकं करूनही जी वाफ उरते, ती बंदिस्त नळ्यांतून गोळा करून शेवटच्या यंत्राकडे न्यायची असते. पर्याय मुख्यतः तीन. पहिला, ती थंड करून पुन्हा द्रव करायची. औषध कारखान्यांत रिअ‍ॅक्टरच्या डोक्यावर थंड ब्राइनचे कंडेन्सर असतात ते यासाठीच. परत मिळालेलं सॉल्व्हंट पुन्हा वापरता येतं, त्यामुळे हा पैसे वाचवणाराही उपाय आहे. दुसरा पर्याय सक्रिय कोळशाचा. या कोळशाच्या एका ग्रॅमच्या आतल्या छिद्रांचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरतं आणि व्हीओसीचे रेणू त्या पृष्ठभागाला चिकटतात. मासिकं छापणाऱ्या ग्रॅव्ह्युअर छापखान्यांत शाईतलं टोल्युइन असं पकडतात. मग कोळशातून वाफ सोडली की टोल्युइन सुटतं, आणि ते पाण्यात मिसळत नसल्यामुळे वरच्या थरातून काढून घेता येतं. पण कोळसा भरला की थांबतो. त्यानंतर हवा जशी आत येते तशीच बाहेर जाते. बाहेरून पिंप तेच दिसतं, तपासणीच्या वेळी जागेवर उभंही असतं, फक्त काम करत नाही. अ‍ॅसिटोनसारखी कीटोन संयुगं असली तर कोळसा तापून आग लागण्याचाही धोका असतो.

तिसरा पर्याय जाळण्याचा. सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमानाला, पुरेशा प्राणवायूत, अर्धा ते एक सेकंद थांबलं की बहुतेक व्हीओसींचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. इंधनाचा खर्च परवडावा म्हणून यंत्रात चिनी मातीसारख्या सिरॅमिकचे थर असतात. जाणारी गरम हवा एका थराला तापवते, काही मिनिटांनी झडपा फिरतात आणि येणारी थंड हवा त्याच थरातून तापून आत जाते. अशा रीतीने ९५ टक्क्यांपर्यंत उष्णता परत मिळवता येते. मोटारींच्या पेंट शॉपमध्ये ही यंत्रं वापरतात. अर्थात इथेही पथ्यं आहेत. वाफेचं प्रमाण स्फोटाच्या मर्यादेच्या एक चतुर्थांशाखाली ठेवायचं. सॉल्व्हंटमध्ये क्लोरीन असेल तर जळल्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल बनतं, म्हणून पुढे धुलाईचा मनोराही हवा. आणि मुळात जाळायची वेळ येऊ न देणं सगळ्यात चांगलं. सॉल्व्हंटऐवजी पाण्यावर आधारलेला रंग किंवा भुकटीचा रंग वापरला, तर वाफ जन्मालाच येत नाही.

ही सगळी तंत्रं जुनी आहेत, बाजारात मिळतात आणि चालतात. घोडं पेंड खातं ते मोजमापापाशी.

टाकीतून वर्षाला किती वाफ गेली, हे सहसा सूत्राने काढतात. टाकीचा आकार, द्रवाचा प्रकार, तापमान, वर्षातल्या फेऱ्या घातल्या की आकडा तयार. सूत्र गृहीत धरतं, की सील धड आहे. ते फाटलेलं असेल तर कागदाला पत्ता लागत नाही. अमेरिकेत ह्यूस्टनच्या बंदरालगत पेट्रोकेमिकल कारखान्यांची दाटी आहे. २००० साली शास्त्रज्ञांनी तिथल्या हवेत मोजणीची उपकरणं लावलेली विमानं उडवली. इथिलीन आणि प्रॉपिलीनसारख्या, ओझोन झपाट्याने घडवणाऱ्या वायूंचं प्रत्यक्ष उत्सर्जन कारखान्यांच्या नोंदींपेक्षा दहा ते शंभर पट असल्याचं त्यातून निघालं. टेक्सासला या वायूंसाठी वेगळे नियम करावे लागले.

नाकावरही विसंबता येत नाही. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम घातलेलं मरकॅप्टन अब्जात एक भागाच्याही खाली असलं तरी ओळखू येतं. बेंझीनचा वास मात्र यायला लागतो तोवर त्याचं प्रमाण भारतात हवेसाठी ठरलेल्या मर्यादेच्या शेकडो पट झालेलं असतं. वास आला म्हणजे विष आहेच असं नाही, आणि वास नाही म्हणजे हवा चांगली असंही नाही.

म्हणून आकडा हवा, आणि तो कारखान्याच्या कुंपणावरचा हवा. अमेरिकेने २०१५ मध्ये नियम केला आणि २०१८ पासून रिफायनऱ्यांच्या कुंपणाभोवती बारीक नळ्या लावणं सक्तीचं झालं. दर दोन आठवड्यांनी नळ्या बदलतात, बेंझीन मोजतात आणि आकडे सर्वांसाठी खुले होतात. वार्षिक सरासरी घनमीटरला ९ मायक्रोग्रॅमच्या वर गेली, की कारण शोधून दुरुस्ती करणं कंपनीवर बंधनकारक असतं. कुठल्या व्हॉल्व्हने गळावं याची चर्चा नाही. कुंपणाबाहेर काय येतं तेवढंच विचारायचं. तमिळनाडूत कडलूरच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीलगतच्या गावकऱ्यांनी सरकारी नियमाची वाट पाहिली नाही. प्लास्टिकच्या बादलीत बसवलेल्या पिशवीत दुर्गंधीच्या वेळची हवा ओढून घ्यायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची, ही पद्धत ते शिकले. त्यांनी २००४ मध्ये आपल्या हवेतल्या विषारी रसायनांचा अहवालच मांडला. ‘आम्हाला वास येतो’ या वाक्याच्या जागी रसायनांची नावं आली, तेव्हा अधिकाऱ्यांना ती बाजूला सारणं जड गेलं.

भारतात कायदा नाही असं कुणी म्हणू नये. रिफायनऱ्यांच्या टाक्यांसाठी आणि गळती शोधण्यासाठीची मानकं २००८ मध्ये आली. २००९ मध्ये राष्ट्रीय हवा मानकांत बेंझीनची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरली. अमेरिकेतल्या कुंपणावरच्या आकड्याहूनही ती कडक आहे. पण ती शहराच्या हवेसाठी आहे आणि मोजणीची केंद्रं मोजकी. कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्याच्या दारातला आकडा त्यात येईलच असं नाही.

माहुलमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये हरित लवादाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई लावली. त्यात सर्वांत मोठा वाटा, १४२ कोटी, रसायनं साठवणाऱ्या एका कंपनीचा होता. हिंदुस्तान पेट्रोलियमच्या वाट्याला साडेशहात्तर कोटी आणि भारत पेट्रोलियमच्या वाट्याला साडेसदुसष्ट कोटी आले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. भरपाईच्या आदेशाआधीच तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून लोकांना याच माहुलच्या वसाहतीत पाठवलं जात होतं. तिथे जायला कुणावर बळजबरी करता येणार नाही आणि पर्यायी घर देता येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडं द्यावं, असं मुंबई उच्च न्यायालयाला २०१९ मध्ये सांगावं लागलं.

तक्रारीपासून भरपाईच्या आदेशापर्यंत सहा वर्षं गेली. कुंपणावर नळ्या लावायला, दर पंधरवड्याला आकडा काढायला आणि तो फाटकाबाहेरच्या फलकावर लिहायला एवढा काळ लागत नाही. रिफायनरी असो, टँक फार्म असो की औद्योगिक वसाहतीतलं सांडपाणी केंद्र, परवान्याच्या अटीतच हे घातलं पाहिजे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरुवात माहुल आणि तारापूरपासून करावी. आणि शेजारी राहणाऱ्यांनी वासाची तक्रार करताना सोबत एक साधा प्रश्न लेखी विचारावा: कुंपणावर बेंझीन किती आहे?